नावानिशी आभार

दुपारी तीनच्या सुमाराला राजरत्न मत्स्यविभागाच्या तळ्यावर गेला तो एका फोटोसाठी. कुलगुरूंचा निरोप दर महिन्याला तोच लिहायचा, आणि निरोपाच्या शेवटी पाण्याचा एखादा फोटो असला की माणसं तक्रारी कमी करतात, असा त्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. आज तर वर्धापनदिन, म्हणजे कृतज्ञता दिवस. सकाळपासून बेचाळीस गावं-वस्त्यांतून भाकरी आल्या होत्या, सहा कढयांत आमटी उकळली होती, चार हजार माणूस मैदानात जेवून उठलं होतं, आणि पाच वाजता कुलगुरूंचे आभार अकरा हजार फोनांवर जायचे होते. तळ्याच्या काठावर मेसमधला भगवंत उकिडवा बसला होता. तो भाकरी कुस्करत होता आणि पाण्यात टाकत होता. रोहू-कटल्यांची तोंडं पाण्यावर येऊन मिटत होती. राजरत्नाने मोबाइल वर धरला, चौकट जुळवली, आणि तेव्हा त्याला भगवंतच्या शेजारचं सुटलेलं गाठोडं दिसलं. फडकं पांढरं होतं. विहारात नेसायच्या साडीचं फाडलेलं, कडेला निळी बारीक रेघ. फडक्याच्या टोकाला सेफ्टी पिन आणि पिनेत चिठ्ठी. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली 'कृतज्ञतापूर्वक स्वीकार', आणि मधल्या रेघेवर निळ्या पेनाने, त्याच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात: भीमनगर, घरं एकोणीस, भाकरी एकशे सदतीस.

"काय करताय मामा?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचाच निघाला याचं त्याला नवल वाटलं.

"काय न्हाई सायेब, माशांस्नी घालतोय."

"शिळ्या आहेत?"

"शिळ्या कुठल्या, आज सकाळच्या. लई मऊसूत हायेत, ह्ये बघा की." भगवंतने अर्धी भाकरी पुढे केली. राजरत्नाने ती घेतली. भाकरीच्या पोटावर चार बोटांचे ठसे होते.

"मग पंगतीला कशा नाही गेल्या?"

भगवंत चार महिन्यांपूर्वी जुन्नरकडून आलेला. राजरत्न कुठला, कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तो असा मोकळेपणाने बोलला नसता. "आता काय सांगावं राव," तो म्हणाला. "वाढप्यांच्या कमिटीतले दोघंचौघं म्हनले, ह्ये गाठोडं ऱ्हाऊंद्या बाजूला. गावची म्हातारीकोतारी मानसं पंगतीला बसनार, एखादं उठून गेलं तर कुलगुरूसायबांची शोभा व्हईल. मी म्हनलं, दर साली असंच करता व्हय? तर म्हनले, छ्या! मागल्या सालापातूर कुनाची कंची ह्ये कळत व्हतं व्हय? समद्या एका दुरडीत पडायच्या, कुनाचंच काय म्हननं न्हवतं. औंदा चिठ्ठ्या हायेत ना." आणि मग, साहेबांना बरं वाटावं म्हणून की काय, त्याने जोडलं, "चिठ्ठ्यांचं काम मातर बेस झालं म्हनत व्हते समदे. कुनी काढलं ह्ये डोकं?"

डोकं राजरत्नाचं होतं. जूनच्या बैठकीत त्यानेच ते काढलं होतं. आणे गावच्या यात्रेत जशी आमटी-भाकरी होते, घराघरातून भाकरी येते आणि एकाच ढिगातून सगळे खातात, तशी पंगत विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला ठेवायची ही प्रथा पहिल्यापासूनची. पण आभार मात्र मोघम मानले जात. 'पंचक्रोशीतील सर्व ग्रामस्थ' असं एक वाक्य दरवर्षी निरोपात जायचं. राजरत्नाला ते वाक्य आवडत नसे. सर्व म्हणजे कोण? सर्वांमध्ये ज्याला त्याला आपण दिसतो आणि कुणालाच कुणी दिसत नाही. बैठकीत तो उभा राहून म्हणाला होता की, आभार नावानिशी मानले पाहिजेत. प्रत्येक वस्तीच्या गाठोड्याला चिठ्ठी लावू, नोंद ठेवू आणि निरोपात बेचाळीस नावं घेऊ. कुलगुरूंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं होतं. "राजरत्न, हे खरं लोकशाहीचं काम आहे," ते म्हणाले होते, आणि त्या रात्री तो घरी जाऊन वृषालीला, आपल्या बायकोला, हे वाक्य दोनदा सांगून बसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण आपण हात कुठे दाखवला होता, आपण तर भाकरी दाखवली होती, असा एक वेडगळ विचार त्याच्या मनात आला आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. भगवंतही हसला. साहेब हसतात म्हणजे सगळं ठीक आहे.

ऑफिसकडे परतताना त्याने मनाशी वकिली करून पाहिली. भाकरी जास्त झाल्या असतील. दुसऱ्याही एखाद्या वस्तीचं गाठोडं उरलं असेल. पण त्याने मागे वळून मैदानातल्या मांडवात नजर टाकली, तर एकेचाळीस फडकी धुवायच्या ढिगात मोकळी पडली होती. तो ती मोजत उभा राहिला. मोजताना त्याला लाज वाटली, का वाटली कळलं नाही, पण मोजणं थांबलं नाही. मांडवाच्या खांबापाशी कमिटीतले दोघे खुर्च्या रचत होते. त्यांनी त्याला हात केला, 'फोटो झ्याक आले पाहिजेत बरं का' म्हणाले, आणि त्यानेही हात केला. त्यांच्यातला एक गेल्या पावसाळ्यात वृषालीला दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता. असल्या वेळी माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

आणि जेवताना! जेवताना तो कुलगुरूंच्या उजव्या हाताला बसला होता. पानात भाकरी पडली तेव्हा तिचा तुकडा मोडून तो म्हणाला होता, "सर, ही माझ्या आईच्या हातची असणार. तिच्या भाकरीचा पापुद्रा असाच सुटतो." कुलगुरूंनी कौतुकाने ती भाकरी उचलली होती, आमटीत बुडवून खाल्ली होती, वर आणखी एक मागून घेतली होती. पलीकडे बसलेल्या कमिटीच्या माणसाने त्या वेळी मान खाली घालून आमटी भुरकली होती, हे राजरत्नाला आता आठवलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असताना आपण एकटेच आईच्या भाकरीचं कौतुक करत होतो, दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या. त्याच्या कानशिलात ऊन चढलं. त्याला तिथल्या तिथे ओकावंसं वाटलं, आणि ती भाकरी ओकणं म्हणजे नेमकं तेच करणं जे त्यांनी केलं, असंही वाटलं. तसा तो ऑफिसात येऊन पंख्याखाली बसला.

टेबलावर निरोप अर्धा लिहून तयार होता. वार्ता आधीच भरून झाल्या होत्या. घाटघरची इंद्रायणी वनस्पतिशास्त्रात पहिली आली, तिचं अभिनंदन. डिंभ्याहून सकाळची एसटी पुन्हा सुरू झाली, महामंडळाचे आभार. ग्रंथालय आता आठपर्यंत उघडं राहील. वार्ता लिहायला काही लागत नाही, आभार लिहायला मात्र हात लागतो, आणि तो हात राजरत्नाकडे लहानपणापासून होता. जुन्नरच्या वसतिगृहात असताना दर दिवाळीला एक गृहस्थ पोरांना घोंगड्या द्यायचे. मग अधीक्षक प्रत्येक पोराकडून आभाराचं पत्र घ्यायचे. बाकीच्या पोरांना 'आपला आज्ञाधारक' याच्या पुढे काही सुचायचं नाही, म्हणून बत्तीसच्या बत्तीस पत्रं राजरत्न लिहायचा, आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य वेगळं घालायचा. कुणाला घोंगडीत आजीची आठवण यायची, कुणाला तिच्या उबेत गणित सुटायचं. अधीक्षक म्हणायचे, पोरा, तुझ्या आभारात जीव असतो. पुढे शिष्यवृत्तीचे आभार, फी माफ झाली त्याचे आभार, नोकरी लागली तेव्हा ज्याने 'त्यांच्यातले असूनही तुमची भाषा शुद्ध आहे' असं म्हटलं त्याचेही आभार. काही माणसं जन्माला येतात ती आभार स्वीकारायला आणि काही मानायला, हे त्याने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. म्हणून तर कुलगुरूंचा निरोप लिहायला त्याला सुख व्हायचं. तिथे 'मी' म्हणून लिहिता यायचं. 'मी आपला ऋणी आहे' हे वाक्य कुलगुरू म्हणाले की ऐकणाऱ्याची मान ताठ व्हायची. तेच वाक्य राजरत्न म्हणाला की त्याची स्वतःची खाली जायची. वाक्य तेच. महिन्यातून एकदा, तासाभरासाठी, त्याला तो दुसरा 'मी' नेसायला मिळायचा.

आता त्या कागदावर बेचाळीस नावं अकारविल्ह्याने लावलेली होती. भीमनगर एकतिसावं. ते नाव ठेवायचं की काढायचं?

काढलं तर एकोणीस घरं फोन हातात घेऊन बसली होती. आठवड्यापूर्वी तो स्वतः वस्तीत जाऊन सांगून आला होता, औंदा कुलगुरू नाव घेऊन आभार मानणार. वस्ती दरवर्षी भाकरी द्यायचीच, कुणी दोन, कुणी चार. पण नावानिशी म्हटल्यावर बायकांना हुरूप आला. आईने, अंजनाने, पीठ चाळून घेतलं, सगळ्यांच्या भाकरी एका आकाराच्या व्हाव्यात म्हणून ताटली मापाला धरली, विहाराच्या पडवीत सहा चुली मांडल्या. फक्त कोंडाबाई तयार नव्हती. कोंडाबाई म्हणजे आईची थोरली जाऊ, राजरत्नाची मोठी आई. ती कुणाच्या दुरडीत भाकरी टाकायची नाही. चाळीस वर्षांचा तिचा तो नेम होता, आणि त्या नेमाला कारण डिंभ्याचं धरण. धरणाचं काम चालू असताना ती मातीच्या कामाला जायची, आणि गावातली सारजाबाई तिच्या जोडीला असायची. एकीने घमेलं भरायचं, दुसरीने उचलायचं. दुपारी टोळीतल्या बायका आपापल्या भाकरी एका दुरडीत टाकायच्या आणि त्यातून वाटून खायच्या. सहा महिने असं चाललं. मग एक दिवस सारजाबाईचे सासरकडचे पाहुणे काम बघायला आले आणि जेवायला तिथेच बसले. संध्याकाळी सारजाबाईने फडकं कोंडाबाईच्या हातात दिलं. 'तुझ्या उरल्या गं,' म्हणाली. कोंडाबाईने वाटेत सोडून पाहिलं, तर टाकल्या तेवढ्या चारही भाकरी तशाच, वाळून चामडं झालेल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने टोळी बदलली. पुढे सारजाबाई तीनदा तिच्या दारात आली, एकदा लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. कोंडाबाईने तिला उंबऱ्याबाहेरूनच परत लावलं. वस्तीतल्या पोरी म्हणायच्या, म्हातारी लई डूख धरती. राजरत्नही म्हणायचा.

आणि मागच्या आठवड्यात त्याने तिच्यापुढे बसून तासभर घातला होता. मोठी आई, काळ बदलला. ते विद्यापीठ आहे, धरणावरची टोळी नाही. कुलगुरू मोठा माणूस आहे, माझं ऐकतो. म्हातारी ऐकत राहिली, सुपारी कातरत. मग म्हणाली, "कागदाचं मला नगं सांगू. तू म्हनतोस म्हून देते. तुझ्या तोंडाकडं बघून." तिने अकरा भाकरी दिल्या. हात थरथरतो म्हणून कडा जरा जाड झाल्या होत्या, आणि मघाशी भगवंतने पुढे केलेली ती अर्धी भाकरी एका कडेला जाड होती. राजरत्नाने खिशात हात घातला. ती तिथेच होती, रुमालात. आपण ती केव्हा रुमालात गुंडाळली हे त्याला आठवेना.

चार वाजता तो कुलगुरूंच्या दालनात गेला आणि त्याने सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, आवाज न चढवता, जणू एखाद्या तिसऱ्याच गावची हकिगत सांगावी तसं. कुलगुरू डॉक्टर सुदर्शन मऊ स्वभावाचे होते. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं, हीच तर अडचण होती. त्यांनी उठून दार लावलं. "मला शरम वाटते राजरत्न," ते म्हणाले. "म्हणजे मी मघाशी जी भाकरी खाल्ली..."

"ती दुसऱ्या कुणाची होती सर."

कुलगुरू खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली मैदानात कढया घासल्याचा आवाज येत होता.

"चौकशी लावता येईल," ते शेवटी म्हणाले. "लावायला हवीच. पण आज लावली तर काय होईल ते तुम्हाला दिसतंय. नावं बाहेर येतील, त्यात संस्थेच्या मोठ्या माणसांच्या घरचीही असतील. गावं दोन बाजूंना होतील. पुढच्या वर्षी पंगतच होणार नाही. आणि सगळ्यात जास्त त्रास कुणाला होईल? तुमच्या वस्तीतल्या त्या बायकांनाच ना?"

"हो सर."

"मग आपण याच्यातून काही चांगलं करू या." त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अकारविल्हे सोडून द्या. भीमनगरचं नाव पहिलं घ्या. नुसतं नाव नाही, एक अख्खा परिच्छेद. त्या माउलींबद्दल लिहा. एवढ्या अकरा हजार लोकांत सर्वांत आधी त्यांना मान मिळू दे. हेच उत्तर आहे. मी मजकूर सांगत नाही, तुम्हीच लिहा. तुमच्या लिहिण्यात जीव असतो."

राजरत्न 'आभारी आहे सर' असं म्हणाला. जिभेला सवयच ती. दाराबाहेर आल्यावर त्याला ते ऐकू आलं.

जागेवर बसून त्याने पहिल्यांदा जे टंकलं ते असं होतं: 'भीमनगरच्या एकशे सदतीस भाकरी आज तळ्यातल्या माशांनी खाल्ल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही याबद्दल मी माशांचा ऋणी आहे.' ते वाक्य पडद्यावर छान दिसत होतं. त्याने आजवर लिहिलेल्या सगळ्या निरोपांत एवढं सरळ वाक्य नव्हतं. एक बटण दाबलं की ते अकरा हजार फोनांत जाऊन पडणार होतं. कुलगुरूंच्या फोनात, कमिटीच्या फोनात, घाटघरच्या इंद्रायणीच्या फोनात. त्याचं बोट बटणावर होतं. आणि मग त्याला दिसलं, हेच वाक्य विहाराच्या पडवीत हर्षाली, शेजारची कॉलेजातली पोरगी, मोठ्याने वाचते आहे. पीठ चाळून, ताटलीच्या मापाने भाकरी थापणारी आई ऐकते आहे. सहा चुलींची राख अजून भरली नसेल. खरं सांगितलं तर अपमान त्या बायकांचा, तोही अकरा हजार माणसांदेखत. खोटं सांगितलं तर अपमान फक्त आपल्याला ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते आपल्याला शिकवायला नको. त्याची नेमणूक दर जुलैत कुलगुरूंच्या सहीने वाढते, हाही विचार मध्ये येऊन गेला. या दोन कारणांतलं मोठं कोणतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याने ते वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर खोडलं.

मग त्याने लिहिलं. आणि काय सांगावं, सुरेख लिहिलं. 'आज सर्वांत आधी नाव घ्यायचं आहे ते भीमनगरचं. एकोणीस घरं, एकशे सदतीस भाकरी. या घरांतल्या आयाबहिणींनी पहाटे चुली पेटवल्या तेव्हा आपण झोपेत होतो. त्यांच्या बोटांचे ठसे ज्या भाकरीवर आहेत ती भाकरी आज आपल्या सर्वांच्या पानात आली. ज्या ढिगात कुणाची कोणती हे ओळखता येत नाही, त्या ढिगाला मी विद्यापीठ म्हणतो. मी या माउलींचा ऋणी आहे.' लिहिताना त्याला राग होता, पण वाक्यं रागाला न विचारता येत गेली, एकामागून एक, घोंगडीच्या उबेत गणित सुटावं तशी. एके ठिकाणी 'ठसे' हा शब्द बरोबर जागी पडला तेव्हा त्याला क्षणभर आनंदसुद्धा झाला. त्या आनंदाची त्याला पुढे सगळ्यात जास्त किळस आली. पाचाला दोन मिनिटं कमी असताना कुलगुरूंचा होकार आला, सोबत हात जोडलेलं चिन्ह. पाच वाजता निरोप गेला. पाच वाजून चार मिनिटांनी कमिटीतल्या गाडीवाल्याने त्याला लिहिलं, 'वाचताना डोळे पाणावले, सर.'

साडेसहाला, मंचरच्या फ्लॅटचा जिना चढत असताना, आईचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. सगळ्या पडवीत जमलेल्या असणार. तो जिन्यातच थांबला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये.

"राजा, पयलं नाव आपलं रं! पयलं!" आई ओरडूनच बोलत होती. "हर्षालीनं दोनदा वाचून दावलं. बोटांचे ठसे म्हनं! लई शिकलेला मानूस दिसतोय, त्याशिवाय भाकरीवरचे ठसे कुनाला दिसत्यात? आमी समद्या रडलो बघ. थांब, फोन मोठा करते, समद्यास्नी ऐकू दे."

"जय भीम दादा," हर्षालीचा आवाज आला. मग आणखी कुणाकुणाचे जय भीम. त्याने सगळ्यांना जय भीम घातला. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुकरची शिट्टी काढली. त्याला वाटलं, आता फोन ठेवतील. नाव मिळालं, ठसे मिळाले, अजून काय हवं असतं माणसाला.

"जरा गप बसा गं," म्हणून मागून एक जाड आवाज आला, आणि गलका थांबला. कोंडाबाईने फोन तोंडाशी अगदी जवळ धरला असावा, कारण तिचा श्वास ऐकू यायला लागला. "राजा, म्या कागदाचं न्हाई इचारत. कागदावर मानसं काय बी लिवत्यात. तू तिथं व्हतास. तुझ्या डोळ्यांनी बघितलं असशील त्येवढं सांग. आपल्या भाकरी लोकांनी खाल्ल्या का?"

जिन्याच्या खिडकीतून खाली हमरस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. ही एकच बाई अशी होती जिला खरं सांगता आलं असतं, जिने ते पचवलं असतं, जिने चाळीस वर्षं तेच पचवत आयुष्य काढलं होतं. पण फोन मोठा केलेला होता. बाकीची अठरा घरं श्वास धरून ऐकत होती.

"खाल्ल्या, मोठी आई."

"समद्यांनी?"

"सगळ्यांनी. कुलगुरूंनी तर मागून घेतली. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो."

फोन बंद पडला की काय म्हणून त्याने कानापासून काढून पाहिला. मिनिटांचे आकडे पुढे सरकत होते.

"मंग माझंच चुकलं म्हनायचं," कोंडाबाई म्हणाली. आवाज खाली आला होता, नव्या सुनेसारखा. "चाळीस वर्सं म्या मनात धरून बसले. ह्या पोरींस्नी बी बोलत आले, नका देऊ, नका देऊ. आन ती सारजा, बापडी तीन येळा दारात आली. त्या दिशी खरंच उरल्या असत्याल, कुनाला ठावं. म्या इचारलं बी न्हाई तिला." तिने नाक ओढलं. "आता हातरुनाला खिळलीय म्हनं. मरायच्या आत तिच्याकडं जाऊन येते. पाया पडते तिच्या, म्हनते, बाई, माझंच चुकलं, मला माफी कर. उद्या तुला सुट्टी हाय न्हवं? मला गाडीवर नेशील का रं तिच्या दारात?"

राजरत्नाने तोंड उघडलं. आईचा आवाज मध्येच आला, "न्हेईल की, का नाय न्हेनार?" आणि बायका हसल्या.

"नेतो, मोठी आई," तो म्हणाला. "सकाळी आठला येतो."